बॅगेत काय आहे, मावशी?

सिडनीचा किंवा मेलबर्नचा विमानतळ. साठीच्या आसपासची एक बाई ट्रॉली ढकलत येते. ट्रॉलीवर दोन सुटकेसा, दोन्ही बाहेरून दोरीनं आवळलेल्या. अधिकारी विचारतो, ‘बॅग तुम्हीच भरलीत?’ बाई मान हलवते. ‘आत खाण्याचं काही आहे?’ बाई म्हणते, नाही. हातातल्या कार्डावरही ‘नाही’च्याच चौकटीत खूण आहे. मग चेन उघडते. सुकी मासळी, कसल्याशा मुळ्या, कागदात बांधलेल्या बिया, घरी वाळवलेलं मांस असं एकेक टेबलावर येत जातं. अधिकारी प्रत्येक पुडा वर उचलून विचारतो, ‘हे खाण्याचं नाही?’ मागं हलकंफुलकं संगीत. आपण हसतो. पुढची क्लिप आपोआप सुरू होते.

‘बॉर्डर सिक्युरिटी : ऑस्ट्रेलियाज फ्रंट लाइन’ या मालिकेत हा प्रसंग इतक्या वेळा येतो, की तो एका भागातला म्हणून सांगताच येत नाही. मालिका २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सेव्हन नेटवर्कवर सुरू झाली. याच घाटाच्या मालिका न्यूझीलंड, कॅनडा, ब्रिटन इथंही निघाल्या. आपल्यापैकी बहुतेकांनी यातलं काहीच टीव्हीवर पाहिलेलं नाही. आपल्याकडे ती तुकड्यातुकड्यांनी आली. यूट्यूबवर आठ-दहा मिनिटांची क्लिप, रील्समध्ये एक मिनिटाची, आणि खाली कुणीतरी हिंदीत टाकलेली कॉमेंट : ‘आंटी पकडी गई’.

मी दोनेक वर्षं हे रोज झोपायच्या आधी पाहत होतो. मला ते आवडत होतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं शहाणपण वाटेल.

आवडण्यासारखं त्यात आहेच. या मालिकेनं एक फार जुनी गोष्ट ओळखली आहे : दुसऱ्याची बंद पिशवी उघडताना बघण्याची मजा. लग्नातला आहेर उघडताना घरातली सगळी माणसं गोळा होतात, तीच ही मजा, फक्त इथं आहेराऐवजी संशय आहे. एका भागात साधारण तीन गोष्टी एकमेकींत विणलेल्या असतात. एक अमली पदार्थांची, एक खाण्याच्या वस्तूंची, एक व्हिसाची. अधिकाऱ्यानं सुटकेसच्या तळाला चाकू लावला, की नेमकं तिथं तोडायचं आणि दुसऱ्या टेबलावर जायचं. एक्स-रेच्या पडद्यावर सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसतात, धातू निळा दिसतो. दहा-बारा क्लिपांनंतर आपणही तो पडदा वाचायला लागतो. ‘बघ बघ, तळाशी सगळीकडं सारखा नारिंगी थर आहे, खोटा तळ असणार.’ कुणीतरी आपल्याला एक कसब शिकवलंय आणि ते आपल्याला जमतंय, असं वाटतं. सलग बघत राहण्याचं खरं कारण हेच असावं.

पण हे कसब नेमकं कुणाचं? कॅमेरा बहुतेक वेळ अधिकाऱ्याच्या खांद्यामागं असतो. अधिकाऱ्याला नाव असतं, नुसतं पहिलं, घरातल्यासारखं. थोड्या वेळानं तो कॅमेऱ्याकडं वळून आपल्याशी बोलतोही : मला काय खटकलं, मला पुढं काय करायचंय. टेबलाच्या पलीकडच्या माणसाला मात्र बहुतेकदा नाव नसतं. तो ‘हा मलेशियाहून आलेला प्रवासी’ असतो, ती ‘नातवंडांना भेटायला आलेली आजी’ असते. तो कॅमेऱ्याशी कधीच एकट्यानं बोलत नाही. त्याला काय खटकलं, हे त्याला कुणी विचारत नाही. मालिका कुणाच्या बाजूची आहे हे कळायला निवेदन ऐकावंच लागत नाही, आवाज बंद करून नुसतं बघितलं तरी कळतं.

दुसरी गोष्ट घाबरण्याची. या मालिकेत घाम हा पुरावा असतो. नजर चुकवणं, पाणी मागणं, उत्तराला उशीर लावणं, प्रश्न पुन्हा विचारायला लावणं, सगळ्याची नोंद होते. बॅगेवरून कापडी पट्टी फिरवून यंत्रात घालतात, यंत्र अमली पदार्थाचा अंश दाखवतं, संगीत गडद होतं. मग शोध, आणि पुष्कळदा शेवटी काहीच सापडत नाही. अंश नोटांवरून येऊ शकतो, दुसऱ्या कुणाच्या हातावरून येऊ शकतो. निवेदक एका वाक्यात सांगतो की प्रवाशाला जाऊ दिलं, आणि मालिका पुढच्या टेबलाकडं वळते. आधीची पाच मिनिटं आपण त्या माणसाला चोर समजून पाहिलंय. ती पाच मिनिटं परत घेण्याची सोय त्या रचनेत नाही. आणि घाबरायचं म्हणाल, तर बारा-तेरा तासांच्या प्रवासानंतर, गणवेशातल्या माणसानं परक्या भाषेत प्रश्न विचारल्यावर, शेजारी कॅमेरा असताना न घाबरणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

हे सगळं मला पडद्यावर बघताना सुचलं नव्हतं. सुचलं ते कराडजवळच्या आमच्या घरात, सोप्यात उघड्या पडलेल्या सुटकेसपुढं.

ताई मेलबर्नला असते. तिला दिवस गेले आणि बाळंतपणाला आईनं जायचं ठरलं. आई पहिल्यांदाच विमानात बसणार, तेही एकटी. बॅग भरायला मी पुण्याहून गेलो. मी तज्ज्ञ होतो ना, दोन वर्षं क्लिपा पाहिलेला. आईनं महिनाभर आधीपासून जमवाजमव केलेली : डिंक, अळीव, खारीक, सुंठ, बाळंतशेप, वावडिंग, मेतकूट, घरच्या मिरच्यांचं तिखट, दोन किलो इंद्रायणी तांदूळ, जिरे-धणे, आणि बाळाच्या अंघोळीसाठी शेजारच्या काकूंनी दिलेली कसलीशी पाल्याची पुरचुंडी. सगळं जुन्या सुती साडीच्या तुकड्यांत बांधलेलं, वर एकेक गाठ.

मी एक पुरचुंडी उचलली आणि विचारलं, ‘हे काय आहे?’

‘अळीव.’

‘म्हणजे बिया?’

‘अरे बिया कसल्या, अळीव आहेत ते. खिरीला.’

‘म्हणजे खाण्याचं आहे.’

‘खाण्याचं नाही रे, बाळंतिणीला देतात. औषधच आहे ते.’

‘मघाशी तर खीर म्हणालीस.’

आई गप्प झाली. मग म्हणाली, ‘तू असा का बोलायला लागलायस?’

मी कसा बोलत होतो ते तिनं विचारल्यावर मला ऐकू आलं. तोच सूर. वस्तू वर धरायची, थोडं थांबायचं, आधीच्या उत्तरातली विसंगती दाखवायची. मी टेबलाच्या कुठल्या बाजूला उभा होतो, आणि आई कुठल्या? गंमत म्हणजे आईनं दिलेली तिन्ही उत्तरं खरी होती. अळीव बियाही आहेत, अन्नही आहे आणि औषधही. हे तीन वेगवेगळे खण आहेत असं आमच्या स्वयंपाकघरात कुणी कधी सांगितलेलं नाही. मालिकेतल्या त्या सगळ्या मावश्या-आज्या, ज्यांना आपण ‘खोटं बोलताना पकडलं’ म्हणून हसलो, त्यांतल्या किती जणी खरं बोलत होत्या कोण जाणे. ‘खाण्याचं’ या शब्दाचा अर्थ सगळ्या भाषांत एकच असतो असं मालिका धरून चालते. आपल्याकडं तर ‘काही खाल्लंस का?’ याचं उत्तर ‘नाही, नुसता चहा आणि चार बिस्किटं’ असं देतात.

ऑस्ट्रेलियाचं प्रवासी कार्ड मात्र या मालिकेपेक्षा समजूतदार निघालं. मी ते ऑनलाइन शोधून वाचलं. त्यात नुसतं ‘अन्न आहे का’ असं विचारलेलं नाही. मांस, मासे, अंडी, दूध, फळं, भाज्या यांचा एक प्रश्न. धान्य, बिया, वनस्पती, पारंपरिक औषधं, लाकडी वस्तू यांचा वेगळा प्रश्न. म्हणजे आईचं ‘औषध’ त्यांनी आधीच धरलेलं आहे. गेल्या ३० दिवसांत शेताशी, जनावरांशी संपर्क आला का, असाही एक प्रश्न आहे. आमच्या गोठ्यात म्हैस. आईचा तिच्याशी संपर्क दिवसातून दोनदा. आणि एक साधी सूचना : खात्री नसेल तर ‘हो’वर खूण करा.

‘हो’ म्हटलं की काय होतं? हे मला दोन वर्षं पाहूनही माहीत नव्हतं. कारण ‘हो’ म्हणणारा माणूस मालिकेत जवळपास दिसतच नाही. त्याच्यात गोष्टच नाही. तो बॅग उघडतो, अधिकारी बघतो, चालणार असेल ते ठेवतो, नसेल ते काढून घेतो, आणि माणूस बाहेर पडतो. जाहीर केलेल्या वस्तूवर दंड नाही, फार तर ती वस्तू जाते. दंड आहे तो लपवण्याला. नियमाचा हा गाभा मालिकेत निवेदनाच्या एखाद्या वाक्यात येतो, पण दिसतो तो उलटा. पडद्यावर दिसतं ते असं, की बॅगेत पदार्थ सापडला म्हणून बाई अडकली. आईनंही तेच धरलं होतं. ‘डिक्लेअर करायचं’ असं मी म्हटल्यावर ती म्हणाली, ‘म्हणजे आपणहून कबूल करायचं? मग पकडतीलच की!’ तिनं एकही क्लिप पाहिलेली नव्हती. ऐकीव भीतीनं ती जिथं पोचली, तिथंच शेकडो क्लिपा पाहून मी पोचलो होतो. सीमेवरच्या तपासणीबद्दल इतके तास दाखवूनही बघणाऱ्याला ‘हो’वर खूण करायला शिकवत नसेल, तर ती मालिका त्या खात्यांसाठीही अपुरीच म्हणायला हवी.

आता त्या खात्यांची बाजू. ती खरी आहे आणि हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जनावरांच्या लाळ्या-खुरकुताची साथ ऑस्ट्रेलियात १८७२ नंतर आलेली नाही. २०२२ मध्ये ती इंडोनेशियात पसरली, तेव्हा तिथून येणाऱ्या प्रवाशांचे बूट निर्जंतुक करायला विमानतळांवर ओल्या चटया अंथरल्या गेल्या. आपल्याकडं ही साथ काय करते, हे ज्याच्या दारात जनावर आहे त्याला सांगावं लागत नाही. आईलाही सांगावं लागलं नाही. लाळ्या-खुरकुताचं नाव काढल्यावर तिनं एका शब्दानं वाद न घालता नेहमीच्या चपला बाजूला ठेवल्या आणि नव्या काढल्या.

दुसरं उदाहरण आणखी जवळचं आहे. साठवणीच्या धान्यात पडणारा खपरा नावाचा भुंगा मूळचा भारतीय उपखंडातला. जगभरचे कीटकतज्ज्ञ त्याला आपल्याच नावानं ओळखतात. इंग्रजीतही तो ‘खपरा बीटल’च. महिनोन्‌महिने काही न खाता हा फटींत राहतो आणि धान्याच्या राशी खराब करतो. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियानं त्याच्यासाठी काही वस्तू प्रवाशांच्या सामानातून आणायला बंदी घातली. ती यादी वाचताना मला आमची फडताळाची फळी वाचल्यासारखं वाटलं. तांदूळ, हरभरे, तूर, मूग, मसूर, जिरे, धणे, बडीशेप, शेंगदाणे, सुक्या मिरच्या. गहू निर्यात करणाऱ्या देशानं असं करण्यात काही चूक नाही. मी शेतकऱ्याच्या घरचा आहे, माझ्या कोठारात असा किडा कुणी आणला तर मीही दारात उभा राहीन.

फक्त एक आठवण. ऑस्ट्रेलियाच्या रानाची सगळ्यात मोठी नासधूस ज्या पाहुण्यांनी केली, ते ससे १८५९ मध्ये व्हिक्टोरियात थॉमस ऑस्टिन नावाच्या इंग्रज जमीनदारानं शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून मागवले होते. दोन डझनांच्या आसपास होते म्हणतात. त्या सामानाची चेन कुणी उघडली नव्हती. मालिकेत आशियातली आजी टेबलापाशी उभी दिसते तेव्हा हे ससे मला आठवतात. याचा अर्थ आजीनं मांस आणावं असा नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये व्हिएतनामहून सिडनीला आलेल्या एका महिलेकडं कच्च्या डुकराच्या मांसासह सुमारे १० किलो न सांगितलेलं अन्न सापडलं आणि तिचा व्हिसाच रद्द झाला. पर्यटकाच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडलं होतं. तेव्हा आशियात आफ्रिकन स्वाइन फिवर पसरला होता, त्यामुळं हा निर्णय आततायी होता असं मी म्हणणार नाही. २०२१ पासून जागेवरचा दंड २,६६४ ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत गेला आणि पुढं आणखी वाढला. नियम कडक असू द्यात. माझी तक्रार नियमाशी नाही, त्या हलक्याफुलक्या संगीताशी आहे.

संगीत काढून टाकलं तर काय उरेल? याचं एक उत्तर अमेरिकन छायाचित्रकार टॅरिन सायमन हिच्या ‘कॉन्ट्राबँड’ या कामात आहे. २००९ च्या १६ ते २० नोव्हेंबर या पाच दिवसांत ती न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर मुक्काम ठोकून राहिली आणि प्रवाशांकडून व टपालातून अडवलेल्या वस्तूंचे सतत फोटो काढत गेली. १,०७५ छायाचित्रं. नकली ब्रँडच्या पर्स, औषधाच्या गोळ्या, क्युबाचे सिगार, फळं, प्राण्यांचे अवयव, हेरॉइन. प्रत्येक वस्तू एकसारख्या राखाडी पार्श्वभूमीवर, एकसारख्या उजेडात. माणूस एकही नाही.

पहिल्यांदा फोनवर ते फोटो पाहिले तेव्हा मला कंटाळा आला. गोष्ट कुठाय? मग लक्षात आलं, की बघण्याची सवय बिघडली आहे माझी. तिथं घाम नाही, खोटं नाही, पकडणं नाही. हेरॉइन आणि आंबट फळ एकाच मापाच्या चौकटीत. वस्तू कुणाची होती, कुणासाठी आणली होती, हे विचारायची सोयच नसल्यामुळं आपण तेच विचारत बसतो. एखाद्या राखाडी चौकटीतली गाठ मारलेली पिशवी बघताना ती गाठ कुणी मारली असेल, असं मनात येतं. मालिकेत माणूस दिसत असूनही मला हा प्रश्न पडला नव्हता. अर्थात सायमनच्या कामालाही मर्यादा आहे. माणूस काढून टाकला की त्याच्यावर झालेला अन्यायही चौकटीबाहेर जातो. गॅलरीच्या भिंतीवर ते फोटो सुंदर दिसतात, आणि जप्त झालेली वस्तू सुंदर दिसणं मला थोडं अवघड वाटतं.

माणूस चौकटीत ठेवायचा तर त्याची संमती लागते, आणि ही संमती म्हणजे काय, यावर कॅनडात खरोखर निकाल लागला. तिथल्या ‘बॉर्डर सिक्युरिटी’च्या चित्रीकरणपथकानं मार्च २०१३ मध्ये व्हँकुव्हरमधल्या एका बांधकामावर पडलेल्या धाडीत सीमा अधिकाऱ्यांसोबत जाऊन चित्रण केलं. पकडलेल्या मजुरांपैकी एकाच्या वतीनं नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेनं तक्रार केली. २०१६ मध्ये कॅनडाच्या प्रायव्हसी कमिशनरनं म्हटलं, की यात खात्यानं कायदा मोडला. ताब्यात असलेल्या माणसानं कागदावर सही केली, तरी ती मोकळेपणानं दिलेली संमती धरता येत नाही. त्यानंतर खात्यानं मालिकेतून अंग काढून घेतलं आणि ती बंद पडली. ज्याच्या हातात तुमचा पासपोर्ट आहे त्याच्यासोबत आलेला कॅमेरा तुम्ही नाकारू शकता का, एवढा साधा प्रश्न होता. फोनवर वरवर अंगठा फिरवताना तो मला एकदाही पडला नव्हता.

आणि एक गोष्ट कॅमेऱ्याला कधीच दाखवता येत नाही : या माणसालाच का थांबवलं? मालिका म्हणते, अधिकाऱ्याच्या अनुभवी नजरेनं हेरलं. काही वेळा तसं असेलही. पण बऱ्याचदा निवड विमान उतरायच्या आधीच झालेली असते. तिकीट कधी काढलं, पैसे कसे भरले, कुठून कुठं गेलात, सोबत कोण, ही माहिती विमान कंपन्या सीमाशुल्क खात्यांना आधी देतात. भारतातही २०२२ मध्ये त्यासाठी नियम आले. ‘नजर’ ही गोष्टीसाठी सोयीची आहे, संगणकातल्या यादीला चेहरा नसतो.

आपल्याकडं अशी मालिका रुजली नव्हती, तेव्हाही विमानतळ-बंदराच्या गोष्टी होत्याच. फक्त त्यात आपण दुसऱ्या बाजूला होतो. ‘दीवार’ १९७५ चा. सोन्यावर सरकारचं कडक नियंत्रण असलेल्या त्या काळात मुंबईच्या गोदीतला हमाल स्मगलर होतो आणि थिएटर त्याच्या बाजूनं शिट्ट्या मारतं. सोनं नियंत्रण कायदा १९९० मध्ये गेला. आज कस्टम्सच्या कारवाईचे फोटो आणि रील्स फोनवर येतात. टेबलावर ओळीनं मांडलेली सोन्याची पेस्ट, बँकॉकहून आलेल्या बॅगेतला गांजा, डब्यातले जिवंत साप. मागं उभ्या माणसाचं तोंड झाकलेलं. खाली हसण्याचे इमोजी. ‘दीवार’मधला भाबडेपणा परत यावा असं मला वाटत नाही. साप तस्करी करणाऱ्याबद्दल मला काडीची माया नाही. पण पन्नास वर्षांत आपण शिट्टी मारण्याची बाजू किती सहज बदलली, याचं नवल वाटतं.

कारण त्या टेबलावर नेहमी सापच नसतात. २०१६ च्या बॅगेज नियमांनुसार वर्षाहून जास्त काळ परदेशी राहून परतणारी बाई ४० ग्रॅमपर्यंत दागिने करमुक्त आणू शकत होती, पण किंमत एक लाखाच्या आत हवी. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोनंच एक लाखावर गेलं. म्हणजे कागदावर चाळीस ग्रॅम, व्यवहारात एक तोळाही नाही. हा नियम जवळपास दशकभर तसाच होता. शिवाय सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२३ नुसार, तस्करीच्या संशयानं जप्त केलेलं सोनं तस्करीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ते ज्याच्याकडून जप्त झालं त्याच्यावर येते. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढं आलेल्या प्रकरणांत दिसलं, की ‘मला नोटीस नको, सुनावणी नको’ असं आधीच छापलेल्या कागदावर प्रवाशांच्या सह्या घेतल्या जात होत्या. न्यायालयानं ही पद्धत कायद्यात बसत नाही असं म्हटलं. व्हँकुव्हरच्या मजुराची सही आणि दिल्लीच्या विमानतळावरची ही सही, दोन्ही टेबलाच्या एकाच बाजूला बसून केलेल्या.

त्याच सीमाशुल्क कायद्यात प्रवाशाच्या बाजूचीही कलमं आहेत. अंगझडतीची वेळ आली तर राजपत्रित अधिकाऱ्यापुढं किंवा मॅजिस्ट्रेटपुढं न्या, असं तुम्ही म्हणू शकता. बाईची झडती बाईनंच घ्यायची. झडतीला साक्षीदार लागतात. यावर एक मिनिटाची रील कुणी केलेली मी तरी पाहिलेली नाही. केली तर मी शेअर करेन.

आईच्या बॅगेतून आम्ही शेवटी तांदूळ, जिरे आणि धणे काढून ठेवले. ते ताईच्या घराजवळच्या दुकानात मिळतात. तिखट आणि मेतकूट ठेवलं. डिंक-सुंठही ठेवली. अळिवांवर बराच वेळ चर्चा झाली. आई म्हणाली, न्यायचे, विचारतील तर दाखवू, घेतील तर घेऊ देत. विमानात भरायच्या कार्डाची प्रिंट काढून मी दोन्ही ‘हो’ आणि म्हशीचा ‘हो’ लाल पेननं गोल करून दिला. एका कागदावर प्रत्येक पुरचुंडीचं नाव मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं. बाळंतशेपेला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधायला अर्धा तास गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेलबर्नहून फोन आला. मी पहिलं विचारलं, ‘अडवलं का?’

‘अडवलं कशाला? आम्ही ‘हो’वाल्या रांगेत होतो,’ आई म्हणाली. ‘एक पोरगा होता, तुझ्याच वयाचा. त्याला कागद दिला. तो एकेक नाव वाचायचा आणि मी पुरचुंडी दाखवायचे. अळीव ठेवून घेतले त्यानं. पाला पण. सॉरी म्हणाला.’

‘मग?’

‘मग काय, बाकीचं दिलं परत. पण त्याला गाठ बांधता येईना. सारखी सुटायची. मग मीच त्याला दाखवली कशी मारायची ते.’

मागून ताईचा आवाज आला, की तिला आता झोपू दे. फोन ठेवला. त्या रात्री मी यूट्यूब उघडलं तेव्हा सगळ्यात वर तीच मालिका होती. थंबनेलवर एक बाई, पुढं टेबल, टेबलावर कापडात बांधलेलं काहीतरी. या बाईनं कार्डावर काय खूण केली होती, हे बघायला मी क्लिप लावली. कार्ड दोन सेकंद दिसतं, त्यावर काय लिहिलंय ते वाचता येत नाही.